रोग कामगाराचा, नोंद मालकाची

छातीचा फोटो कामगाराच्या छातीचा असतो; तो राहतो मात्र मालकाच्या कपाटात. धरमसी मोरारजी कंपनीने १९१९ नंतर अंबरनाथला रासायनिक उद्योगाचा पाया घातला. तेव्हापासून उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात कारखानदारी शतकभर नांदली. या काळात पगार, बोनस, महागाईभत्ता आणि कायम नोकरी यांसाठी येथील कामगारवर्गाने लहानमोठे असंख्य लढे दिले. परंतु कामगाराच्या देहाविषयी आणि मनाविषयी जी माहिती कारखान्यात गोळा होते ती कोणाच्या ताब्यात असावी, हा प्रश्न मागणीपत्रकात क्वचितच आला. तो खासगी मानला गेला. पुढारी मंडळींना त्यात वर्गलढा दिसला नाही आणि ज्याच्यावर बेतले त्याला तो चारचौघांत बोलण्याची लाज वाटली. मालकवर्गाला मात्र या प्रश्नाचे मोल प्रथमपासून ठाऊक होते. म्हणूनच कपाटाची किल्ली त्याने कधी हातची सोडली नाही.

या पट्ट्यातील कामगाराच्या मनात भीतीने घर केले आहे, आणि ती भीती निराधार नाही. आंबिवलीजवळच्या मोहने येथील एन. आर. सी. कारखाना २००९ मध्ये बंद पडला आणि हजारो कुटुंबे वर्षानुवर्षे देण्यांची वाट पाहत राहिली. अंबरनाथच्या आयुधनिर्माणीतील नोकरी म्हणजे दगडावरची रेघ, असे ज्यांना वाटत होते त्यांनी १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुधनिर्माणी मंडळच मोडले जाऊन त्याच्या सात कंपन्या झालेल्या पाहिल्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या. पूर्वी १०० कामगारांच्या कारखान्याला कामगारकपातीसाठी किंवा टाळेबंदीसाठी सरकारची परवानगी लागत असे. आता ही अट ३०० कामगारांपासून पुढे लागते. मुदतबंद नोकरीला कायद्याचा टिळा लागला. औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराच्या हजेरीपटावर उभा असलेला तरुण आणि उल्हासनगरच्या जीन्सच्या गाळ्यात नगावर शिवणारा कारागीर यांना तर नोकरीवरून काढावेही लागत नाही. दुसऱ्या दिवशी बोलावले नाही, की काम संपते.

अशा माणसाची झोप उडते, छाती धडधडते, पाळीवर जाताना हातपाय गार पडतात. तो डॉक्टरकडे जातो. डॉक्टर गोळी लिहून देतो. त्या गोळीला एक नाव असते, रोगालाही एक नाव असते, आणि रजेच्या दाखल्यावर ते नाव उतरले की दाखला टाइम ऑफिसातून मुकादमाकडे आणि मुकादमाकडून चहाच्या टपरीवर पोहोचायला एक पाळी पुरते. पुढच्या मुदतवाढीच्या वेळी त्या माणसाचे नाव यादीत नसते. कारण कोणी सांगत नाही, आणि सांगण्याचे बंधनही कोणावर नाही. नोकरी जाण्याच्या भीतीने आजार झाला आणि आजार कळल्यामुळे नोकरी गेली, असे हे दुष्टचक्र आहे. ते ज्याने ओळखले तो कामगार एकच शहाणपण शिकतो: आजार लपवावा. विमा दवाखान्याचा हप्ता पगारातून कापला जात असतानाही तो पदरचे पैसे मोडून लांबच्या खासगी डॉक्टरकडे जातो. क्षयाचा खोकला धूम्रपानाचा म्हणून सांगतो. फेफऱ्याची गोळी डब्याच्या पिशवीत तळाशी ठेवतो आणि फिरत्या यंत्रासमोर उभा राहतो. यात धोका त्याच्या एकट्याच्या जिवाला नाही. शेजारच्या यंत्रावरच्या माणसालाही आहे.

यावर व्यवस्थापनाकडे उत्तर तयार असते. योगवर्ग, तणावमुक्तीचे शिबिर, भिंतीवर हसऱ्या चेहऱ्याची तसबीर आणि एखादा समुपदेशक. समुपदेशनाला विरोध करण्याचे कारण नाही. दुखऱ्या मनाला ऐकणारे माणूस हवेच असते. परंतु ज्या समुपदेशकाचा पगार मालक देतो, त्याची वही कोण वाचतो, हे विचारल्याशिवाय त्याच्यापुढे तोंड उघडावे असा सल्ला कोणी कामगाराला देऊ नये. नोकरीची शाश्वती काढून घ्यायची आणि श्वास रोखून धरायला शिकवायचे, हा उपचार नव्हे. ती चेष्टा आहे.

येथे चळवळीतील काही साथींचा आक्षेप विचारात घेतला पाहिजे. गोपनीयता ही मध्यमवर्गीय चैन आहे, असे ते म्हणतात. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात, तिथे कसली आली खासगी बाब? शिवाय कारखान्यातील रोग झाकायचे नसतात, चव्हाट्यावर मांडायचे असतात. आक्षेपाचा उत्तरार्ध खरा आहे आणि त्याकडे पुढे वळावे लागेल. पूर्वार्ध मात्र साफ चुकीचा आहे. ज्याच्याकडे जमीन, घर, शिल्लक आहे त्याचा रोग उघड झाला तर त्याची फार तर कुजबुज होते. ज्याच्याकडे विकायला केवळ श्रमशक्ती आहे, त्याचा रोग उघड होणे म्हणजे त्याच्या एकुलत्या एक मालाचा भाव पडणे. गोपनीयता हा म्हणूनच पगाराचा प्रश्न आहे, आणि जितका कामगार असंघटित तितका तो अधिक निकडीचा आहे.

याचा दाखला दूर शोधायला नको. सार्वजनिक क्षेत्रातील एका निगमात रोजंदारीवर काम करणाऱ्या मजुराची वैद्यकीय तपासणी झाली. त्याच्या रक्तात एच. आय. व्ही. आढळला आणि निगमाने त्याला काम देणे बंद केले. प्रकृतीने तो काम करण्यास समर्थ होता. मुंबई उच्च न्यायालयात हा वाद 'एम एक्स विरुद्ध झेड वाय' या नावाने चालला, कारण न्यायालयाने अर्जदाराला नाव झाकून दाद मागण्याची मुभा दिली होती. (निगमाचे नावही त्याबरोबर झाकले गेले. मजुराला पोटासाठी मिळालेला आडोसा मालकाला अब्रूसाठी मिळाला!) एप्रिल १९९७ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला: जो काम करू शकतो आणि ज्याच्यापासून सहकाऱ्यांना खराखुरा धोका नाही, त्याला केवळ या रोगाच्या कारणावरून काम नाकारणे घटनाबाह्य आहे. त्याचे नाव पुन्हा यादीत घेण्याचा आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई देण्याचा आदेश झाला. हा अर्जदार कोणी मध्यमवर्गीय सुखवस्तू गृहस्थ नव्हता. ज्याला 'बदली' म्हणूनही कोणी मोजत नाही असा तो रोजंदार होता, आणि नाव झाकता आले नसते तर तो न्यायालयाची पायरी चढलाच नसता.

त्या लढ्याला पुढे फळ आले. एच. आय. व्ही. बाधितांच्या संघटनांनी रेटा लावला, २०१७ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये तो लागू झाला. नोकरीसाठी ही चाचणी सक्तीची करता येत नाही आणि व्यक्तीच्या संमतीशिवाय तिची स्थिती उघड करता येत नाही, हे त्याने ठरवून दिले. पण एका रोगाच्या दाराला कुलूप लागले आणि बाकीची दारे सताड उघडी राहिली. २०१७ च्याच मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला. परंतु माहिती जपण्याचे कर्तव्य घातले ते उपचार करणाऱ्यांवर. टाइम ऑफिसातील कारकुनावर आणि ठेकेदारावर नव्हे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमुखाने सांगितले. त्यानंतर तीन वर्षांच्या आत, १ मे २०२० रोजी, म्हणजे नेमक्या कामगारदिनी, केंद्रीय गृहखात्याने सरकारी व खासगी सर्व कर्मचाऱ्यांवर 'आरोग्य सेतू'ची सक्ती जाहीर केली आणि तिच्या अंमलबजावणीची जबाबदारी मालकांवर टाकली. ती सक्ती दोन आठवड्यांत सैल करावी लागली, हा भाग निराळा.

सर्वांत धूर्त तरतूद आहे ती वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी म्हणून २०२३ मध्ये संमत झालेल्या कायद्यात. 'नोकरीच्या प्रयोजनासाठी' आणि मालकाला नुकसानीपासून वा दायित्वापासून वाचवण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती त्याच्या संमतीविना वापरता येईल, असे त्यात लिहिले आहे. २०११ च्या नियमांत शारीरिक व मानसिक आरोग्याची माहिती संवेदनशील म्हणून वेगळी काढलेली होती. या कायद्यात तो वेगळा वर्गच नाही. शिवाय तो केवळ संगणकातल्या माहितीला लागू. ठेकेदाराच्या खिशातली वही त्याच्या कक्षेबाहेर आहे, आणि या पट्ट्यातील निम्मे सत्य त्या वहीतच असते. कामगाराच्या रोगामुळे मालकाचे जे 'दायित्व' उद्भवते त्यापासून मालकाला वाचवण्यासाठी कामगाराचीच माहिती वापरायची, याला संरक्षण म्हणतात!

आता आक्षेपाचा उत्तरार्ध. कारखान्यातून उद्भवणारे रोग चव्हाट्यावर आलेच पाहिजेत, हे खरे. शहाडला ज्या व्हिस्कोस रेयॉनचे सूत निघते, त्याच्या प्रक्रियेत जगात सर्वत्र कार्बन बायसल्फाइड वापरावे लागते. हे द्रव्य मज्जासंस्थेवर परिणाम करते. पॅरिसमध्ये रबराच्या कामात ते वापरणाऱ्या मजुरांची चिडचिड, निद्रानाश, स्मृतिभ्रंश आणि प्रसंगी वेडाचे झटके यांची नोंद ऑग्युस्त देल्पेश या डॉक्टरने १८५६ मध्येच केली होती. पुढे १८८८ मध्ये त्याच शहरातील सुविख्यात मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांनी अशा रोग्यांना 'हिस्टेरिया'च्या खात्यात घातले: विष केवळ निमित्त, मूळ दोष रोग्याच्या प्रकृतीत. या निदानाचा मालकवर्गाला किती आधार वाटला असेल, हे सांगायला नको. आजही कारखान्यातला एखादा कामगार चिडचिडा, विसराळू, उदास झाला तर 'त्याचा स्वभावच तसा' किंवा 'घरी काहीतरी भानगड असेल' असे म्हटले जाते. तो काय हुंगतो, हे विचारले जात नाही.

कायद्याला हे ठाऊक नव्हते असे नाही. कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात कार्बन बायसल्फाइडची विषबाधा होती आणि असा रोगी आढळल्यास मुख्य निरीक्षकाला कळवणे डॉक्टरावर बंधनकारक होते. भोपाळच्या हत्याकांडानंतर १९८७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने धोकादायक प्रक्रियेतील कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवणे आणि त्या कामगाराला पाहू देणे सक्तीचे केले. किती कामगारांनी आपली नोंद डोळ्यांनी पाहिली? आणि किती व्यवस्थापकांनी ती पाहिली? या दोन प्रश्नांच्या उत्तरांतील अंतर म्हणजेच कारखान्यातील सत्तेचे माप होय. ज्याने झाकायचे त्याचे उघडे आहे आणि ज्याने उघडे करायचे त्याचे झाकलेले आहे. रामा किंवा सलीम यांच्यापैकी कोणाला कोणती गोळी चालू आहे, हे मालकाला कळण्याची गरज नाही. अमुक खात्यात शंभरांपैकी किती जणांच्या फुप्फुसांत, रक्तात वा मज्जातंतूंत बिघाड आढळला, हे मात्र प्रत्येक कामगाराला आणि कारखान्याभोवतीच्या वस्तीलाही कळले पाहिजे. नाव झाकावे, आकडा उघडा करावा. या दोहोंत विरोध नाही. उलट नाव सुरक्षित राहील अशी खात्री पटली तरच कामगार खरा आजार सांगेल आणि आकडा खरा येईल.

असे करणे अव्यवहार्य आहे, ही सबब टिकणारी नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९८५ मध्ये व्यवसायजन्य आरोग्यसेवेविषयी करार व शिफारस संमत केली. कारखान्याच्या डॉक्टराने मालकाला एवढेच लिहून द्यावे की हा माणूस या कामास योग्य आहे वा नाही, किंवा कोणते काम त्याला देऊ नये. त्या लेखी निष्कर्षात वैद्यकीय स्वरूपाची माहिती असू नये, असे ती शिफारस सांगते. भारताने त्या कराराला मान्यता दिलेली नाही. नव्या संहितेने मालकाच्या खर्चाने वार्षिक आरोग्यतपासणीची तरतूद केली, तिचा गाजावाजा झाला. ती तपासणी हवीच आहे. परंतु तिचा कागद कोणाच्या हाती जाणार, हे ठरल्याशिवाय चाळिशी ओलांडलेल्या कामगाराला ती आरोग्याची तपासणी न वाटता छाटणीची पूर्वतयारी वाटली, तर दोष त्याच्या अडाणीपणाचा नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात दीर्घ आजारपणावरून केलेली सेवासमाप्ती 'कपात' धरली जात नसे, आणि कपातीची भरपाईही तिला लागू होत नसे. ही आठवण त्या पिढीच्या हाडीमाशी आहे. आजारपणाचा विमा लाभ घेत असलेल्या कामगाराला त्या काळात काढता येणार नाही, असे १९४८ च्या कायद्याचे ७३ वे कलम सांगत होते खरे. पण ठेकेदाराच्या माणसाला त्याचा आधार कितीसा मिळाला?

मालकाकडे बोट दाखवताना युनियनच्या कचेरीकडेही पाहिले पाहिजे. विम्याचे कागद भरायला आलेल्या माणसाला दहा जणांसमोर 'काय रे, काय झालंय तुला?' असे मोठ्याने विचारणारे कार्यकर्ते प्रेमळ असतात, पण त्या प्रेमाची किंमत तो माणूस मोजतो. ज्याच्या मनाचा आजार कळला त्याला पुढच्या कमिटीवर घ्यायचे की नाही, याची दबक्या आवाजात चर्चा करणाऱ्या मंडळींनी व्यवस्थापनाला नावे ठेवू नयेत. स्त्रियांचे तर बोलायलाच नको. गरोदरपण, गर्भपात, पाळीचा त्रास यांपैकी काहीही पुरुष कार्यकर्त्याला सांगावे लागणार असेल तर त्या कचेरीची पायरीच चढत नाहीत.

येत्या करारांच्या वाटाघाटीत अंबरनाथ आणि बदलापूर येथील युनियननी पगारवाढीच्या कलमाइतक्याच आग्रहाने हे कलम लावून धरावे. रजेच्या दाखल्यावर रोगाचे नाव नको, विश्रांतीचे दिवस तेवढे पुरेत. आरोग्याची नोंद डॉक्टरच्या कुलुपात राहावी आणि तिची प्रत कामगाराच्या हाती पडावी. खातेवार आकडे, नावे वगळून, दर सहा महिन्यांनी फलकावर आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जावेत. ठेकेदारामार्फत आलेल्या कामगाराची तपासणी मूळ मालकाच्या खर्चाने व्हावी आणि ठेकेदाराला 'योग्य' वा 'अयोग्य' यापलीकडे एक अक्षर कळू नये. 'अयोग्य' ठरलेल्याला दुसरे काम देण्याची जबाबदारी मूळ मालकाची, हेही त्याच कलमात लिहून घ्यावे लागेल. अन्यथा पहिली चार वाक्ये व्यवस्थापन हसत हसत मान्य करील.