शेवाळाच्या भरवशावर नदी?

घाटाच्या पायरीवरून पाय घसरला म्हणजे आपण शेवाळाला बोल लावतो. परंतु त्याच बुळबुळीत थराने नदीचे काही विष आपल्या अंगावर घेतलेले असते, हे आपल्या ध्यानी येत नाही. जिवाणू, सूक्ष्म शैवाले आणि बुरशी यांनी स्वतःच स्रवलेल्या चिकट द्रव्यात बांधलेली ही वसाहत होय. शास्त्रज्ञ तिला जैवपटल म्हणतात. त्या द्रव्यावर ऋण विद्युद्भार असतो. पाण्यात विरघळलेले जस्त, शिसे, कॅडमियम हे धातू धनभारित असल्यामुळे त्यास जाऊन चिकटतात. कारखान्यांनी नासविलेल्या नद्यांवर हाच निसर्गदत्त उपाय योजावा, असा विचार आता मांडला जात आहे. तो स्वागतार्ह आहे. मात्र त्याची मर्यादा आरंभीच स्पष्ट करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

ही कल्पना निराधार नव्हे. इटलीच्या सार्डिनिया बेटावरील इंगुर्तोसू येथील शिशाची व जस्ताची खाण १९६८ साली बंद पडली. परंतु तिच्या टाकाऊ ढिगांतून झिरपणारे धातू नाराकाउली नावाच्या ओढ्यात उतरतच राहिले. या ओढ्यात, मुख्यतः वसंत ऋतूत, एक पांढरा थर साचतो. तो जस्ताच्या खनिजाचा असून, सायटोनेमा नावाचे तंतुमय जिवाणू व क्लोरेला हे सूक्ष्म शैवाल यांच्या योगाने तो घडतो, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. जस्ताबरोबर शिसे, कॅडमियम, निकेल व तांबेही त्या थरात अडकतात. यंत्र नाही, वीज नाही, नोकरवर्ग नाही. तरी पाण्यातील विष उतरते. मनुष्याने थक्क व्हावे असेच हे कार्य आहे.

परंतु थक्क होणे वेगळे आणि विसंबून राहणे वेगळे. मैल्यातील सेंद्रिय घाण जिवाणू खाऊन संपवितात. धातू मात्र कोणालाही खाऊन संपविता येत नाही. तो केवळ पाण्यातून थरात जातो. आमच्या नद्यांना पावसाळ्यात पूर येतात, आणि उन्हाळाभर साचलेला थर पहिल्याच लोंढ्यात खरवडून निघतो. तोच थर गोगलगायी व किड्यांच्या अळ्या खातात, त्यांना मासे खातात, आणि मासे आपल्या ताटात येतात. पाणी आम्लधर्मी झाले की थराला चिकटलेले धातू पुन्हा मोकळे होतात. पाऱ्याची गोष्ट तर याहून भयंकर. जैवपटलातील काही जिवाणू त्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात. १९५६ साली जपानमधील मिनामाटा येथे उघडकीस आलेल्या रोगाला हेच द्रव्य कारण झाले. तेथे तर ते कारखान्यातूनच समुद्रात सोडले जात होते.

म्हणून मैला आणि धातू यांची गल्लत होता कामा नये. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ साली सांडपाण्याच्या नाल्यांवर, शुद्धीकरण केंद्रे उभी राहीपर्यंत, निदान जागच्या जागी जैविक उपचार करण्याचा आदेश दिला, आणि तेवढेही न करणाऱ्या संस्थांवर दर नाल्यामागे दरमहा ५ लाख रुपयांची भरपाई बसविली. मैल्यापुरता तो अंतरिम मार्ग योग्यच होता. पण त्याचाच आधार घेऊन धातूंचा प्रश्नही नाल्यातील वनस्पतींवर व जिवाणूंवर सोपवावा, असे कोणी म्हणेल तर ती शुद्ध फसवणूक ठरेल.

धातू अडवावयाचा तो कारखान्याच्या दारातच. मुलामा देण्याच्या कारखान्यातील सांडपाण्यात चुना घालून बहुतेक धातू गाळाच्या रूपाने खाली बसविता येतात. ही विद्या जुनी आहे. असा घातक गाळ सुरक्षित पुरण्यासाठी तळोजा व रांजणगाव येथे केंद्रे आहेत. महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्ध कायदा १९६९ सालीच केला. केंद्राचा कायदा १९७४ सालचा आहे. तेव्हा उणीव ज्ञानाची नाही, कायद्याचीही नाही. उणीव अंमलबजावणीची आहे.

मग जैवपटलाचा उपयोग काय? आमच्या मते दोन. जेथे खाण सोडून मालक केव्हाच निघून गेला आणि पाझर तेवढा उरला, तेथे हे थर मुद्दाम वाढवावेत, पावसाळ्यापूर्वी काढून घ्यावेत आणि घातक कचरा म्हणूनच त्यांची विल्हेवाट लावावी. दुसरा उपयोग साक्षीदाराचा. पाण्याचा नमुना त्या क्षणापुरते सांगतो. रात्री सोडलेले विष सकाळी वाहून गेलेले असते. दगडावरच्या थरात मात्र कित्येक आठवड्यांची नोंद राहते. प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखान्यांच्या वरच्या व खालच्या अंगाचे थर नियमाने तपासावेत आणि त्याचे आकडे नागरिकांपुढे ठेवावेत, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.

शेवाळ आपले काम निमूटपणे करीत आहे. आपले काम त्याच्या गळ्यात घालण्याचा अधिकार मात्र आपणांस नाही.