लेकरांना घेऊन परदेशी जाताय? मग हे वाचा

शिरवळकरांनो, एमआयडीसीमुळं चार पैसे हातात आले. आता सुट्टीत लेकरं घेऊन परदेशी जाणारी घरं आपल्याकडंही दिसायला लागलीत. जावं की! पण टूरवाल्याचं 'सात दिवसांत तीन देश' घेऊ नका. अडीच-तीन वर्षांचं पोर रोज हॉटेल बदलून किरकिरं होतं, मग आईबापांची सुट्टी कसली?

एकच शहर धरा. आम्ही सिंगापूर धरलं. तिथं ९० सेंटिमीटरच्या आतलं मूल मोठ्यांसोबत बस-मेट्रोत फुकट. बाबागाडी बसमध्ये चढते, मेट्रो स्टेशनात लिफ्ट असते. (मुलाचा पासपोर्ट वेगळा लागतो आणि पाचच वर्षं चालतो, तारीख बघून ठेवा.)

पोरीला सगळ्यात भारी काय वाटलं? माझं बोट सोडून फुटपाथवरनं पळणं! इथं हायवेच्या सर्व्हिस रोडला तिचा हात सोडायची माझी छाती होत नाही. एवढ्यासाठी विमानाचं तिकीट काढायचं का?

येत्या ग्रामसभेत शाळेच्या वाटेवरच्या फुटपाथचा विषय मी मांडणार आहे. एरवी किती जण येता ते माहितीये. या वेळी लेकरांना घेऊन या.