रंग नंतर, आधी घासा!

मागच्या सेमिस्टरला फायनल इयरच्या एका ग्रुपचा रिपोर्ट चाळायला मिळाला. विषय : जुन्या गाडीचं रिस्टोरेशन. रंगाच्या शेडवर चार पानं, सीट कव्हरवर दोन, आणि ज्या कामात सगळा जीव असतो त्यावर इंग्रजीत एकच ओळ. मराठीत सांगायचं तर, ‘पृष्ठभागाची पूर्वतयारी करण्यात आली.’ करण्यात आली म्हणे! कोणी केली? हे लिहिणाऱ्या चौघांपैकी एकाच्याही नखात लांबी अडकलेली मी पाहिली नाही. ती तयारी केली जुन्या सांगवीतल्या एका गॅरेजच्या हेल्परने, तोंडाला रुमाल बांधून. मार्क मात्र चौघांना.

मित्रांनो, मीही काही साव नाही. आमच्या ग्रुपनेही आधी हेच ठरवलं होतं. आमची गाडी म्हणजे पार्टनरच्या आजोबांची प्रीमिअर पद्मिनी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी आधी फियाट आणि पुढे पद्मिनी या नावाने बाहेर पडत राहिली. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये बंद झाली. आजोबांची मात्र सांगवीतच ताडपत्रीखाली उभी होती. एका बाजूला पवना, दुसऱ्या बाजूला मुळा, त्यात आपला पावसाळा. दारांच्या खालच्या कडा पापडासारख्या कुरकुरीत झाल्या होत्या.

फेस्टला तीन आठवडे होते. प्लॅन सोपा : गॅरेजला द्यायची, लालभडक रंग मारून घ्यायचा, फोटो काढायचे, रिपोर्ट छापायचा. मिस्त्रीकाकांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि खिशातून स्पीकरचं जुनं चुंबक काढून मागच्या मडगार्डला लावलं. ते टपकन खाली पडलं.

“हितं गाडी नाय, नुसती लांबी हाय,” काका म्हणाले. “रंग काय, दोन दिवसांत मारून देतो. पावसाळा झाला की परत या, फोड मोजायला.”

आम्ही गप्प. त्यात या गाडीला वेगळी चॅसी नाही, बॉडी हीच तिचा सांगाडा. म्हणजे खालचा पत्रा सडला की नुसती शोभा जात नाही, ताकद जाते. हे आम्हाला थिअरीत माहीत होतं बरं का! पण मडगार्डची लांबी खरवडल्यावर आतून मूठभर गंज हातात आला, तेव्हा कुठे समजलं.

मग काकांनी आम्हाला घासायला बसवलं. पहिल्या दिवशी तासाभरात बोटांची सालटं निघाली. नुसत्या बोटांनी घासलं की बोटांच्याच रेघा पत्र्यावर खोल उमटतात, म्हणून कागद ठोकळ्याला गुंडाळायचा आणि एकदा या तिरप्या दिशेने, एकदा त्या. 80 नंबरचा कागद लांबीला आकार देतो, पण स्वतःचे ओरखडे मागे ठेवतो. ते 180 ने काढायचे, 180 चे 320 ने. आमच्यातल्या एका हुशाराने वेळ वाचवायला 80 वरून थेट 400 वर उडी मारली. प्रायमर मारला तेव्हा सगळं झकास दिसलं. थिनर उडून प्रायमर आक्रसला आणि सगळे ओरखडे नकाशासारखे वर आले. पुन्हा घासा!

दुसरी चूक माझी. कार पेंटर पाणी टाकून घासतात हे पाहिलं होतं, म्हणून मी उत्साहाने लांबीवरच मग ओतला. पॉलिस्टर लांबी पाणी पिते आणि धरून ठेवते. दोन दिवसांनी लांबीच्या कडेने तांबूस रेघ दिसू लागली. पाणी चालतं ते नंतर, सरफेसर घासताना, आणि तेही खाली इपॉक्सी प्रायमरचा थर असेल तर. सरफेसरचं काम बारीक खड्डे भरण्याचं, ओल अडवण्याचं नव्हे. उघडा पत्रा साफ करून त्याच दिवशी इपॉक्सी खाली झाकायचा, तोवर त्याला उघडा हात लावायचा नाही, कारण घामाच्या बोटांचे ठसे गंजून उठतात.

सगळ्यात आवडली ती काळ्या रंगाची युक्ती. सरफेसरवर काळ्या स्प्रेचा अगदी पुसट फवारा मारायचा आणि घासायचं. जिथे काळं राहिलं तिथे खड्डा. सेकंड इयरला सरफेस फिनिश शिकलो, ओरलला चुकीचं उत्तर देऊन आलो, आणि ते कळलं सांगवीत! काका तर तेवढंही करत नाहीत. फडक्यावरून तळवा फिरवतात आणि ‘हितं बसलंय’ म्हणून खडूने गोल काढतात.

तुम्ही म्हणाल, इंजिनिअरने कशाला घासत बसायचं? चाकणला तर बॉडी फॉस्फेटच्या आणि मग ईडीच्या टाकीत बुडवतात, विजेच्या जोरावर प्रायमर कानाकोपऱ्यात जातो, आणि 170-180 अंशांच्या भट्टीत तो पक्का होतो. बरोबर. पण ती टाकी कशासाठी आहे, हे ज्याने दाराच्या आतल्या जोडात ब्रश पोचत नाही म्हणून शिव्या घातल्या आहेत त्याला लवकर कळतं. आणि आख्खी गाडी घासा असं मीही म्हणत नाही. एका सेमिस्टरमध्ये, सबमिशन सांभाळून, ते होतही नाही. प्रत्येकाने एक दार घासावं. बाकीचं पैसे देऊन करून घ्या, पण रिपोर्टमध्ये तसं स्पष्ट लिहा. आभाराच्या पानावर प्रिन्सिपल सरांपासून झेरॉक्सवाल्यापर्यंत सगळे असतात, घासणारा तेवढा नसतो.

सरांना विनंती आहे की अशा प्रोजेक्टला मार्क देताना रंगाचे फोटो बाजूला ठेवून प्रायमरच्या आधीचे फोटो मागावेत. चुंबक घेऊन आलात तर उत्तमच. आणखी एक, हे जरा गंभीर आहे. जुन्या रंगात शिसं असू शकतं, जुन्या प्रायमरमध्ये झिंक क्रोमेट, जे कॅन्सरला कारण ठरतं. ती धूळ रुमालाने अडत नाही, एन-95 सारखा मास्क लागतो. टू-के प्रायमर फवारताना तर तोही पुरत नाही, हवा बाहेरून पुरवणारा मास्क लागतो. फेस्टच्या स्टेजच्या लाइटिंगला पैसे निघतात, तर वर्कशॉपला मास्कचे दोन खोके का नाहीत? आणि आपली गाडी घासणारा पोरगा गॅरेजमधला असला, तरी त्यातला एक मास्क त्याचाही.

आमची पद्मिनी फेस्टला लाल नसेल. करड्या प्रायमरमध्ये उभी राहील, आणि कोणी ‘अजून रंग नाही?’ विचारलं तर आम्ही चुंबक हातात देऊ. डावं मागचं दार अजून जुन्याच रंगात आहे. रविवारी सकाळी नऊला ते घ्यायचंय. ज्याला यायचं त्याने जुना शर्ट घालून यावं. मास्क आम्ही देऊ, वडापाव ज्याचा त्याने आणावा.