होडी ओढायला माणसं आहेत का?

तर मंडळी, ठरलं एकदाचं. कयाक विकायची.

२०२१ साली ती घेतली तेव्हा फोटो पाहून तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कौतुक केलं होतं. काहींनी "एवढ्याशा होडीला एवढे पैसे?" असंही विचारलं होतं. मालवणच्या मामाने यातलं काहीच केलं नाही. त्याने फोनवर एकच विचारलं, "होडी घेतलंस तां बरां केलंस रे, पण ती ओढूक माणसां आसत मां?" मी हसलो. म्हटलं, मामा, ही एकट्याची होडी असते, हिला माणसं लागत नाहीत.

आता हसू येत नाही.

ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मासेमारीची मोठी कयाक म्हणजे साधारण साडेतेरा फूट लांब आणि तीन फुटांहून थोडी जास्त रुंद अशी जाड प्लास्टिकची होडी. वर खुर्ची. पुढे सायकलसारखे पायाने मारायचे पेडल. या पेडलांची सुरुवात होबी कंपनीने १९९७ मध्ये केली, मग इतरांनीही आपापली काढली. गळाच्या काठ्या अडकवायला जागा, मागे बर्फाची पेटी ठेवायला जागा, मासे दाखवणारं यंत्र लावायला जागा. म्हणजे होडी कमी आणि फर्निचर जास्त!

पण खोटं कशाला बोलू, पाण्यावर ती राणी आहे. गॅलव्हेस्टनच्या खाडीत उथळ पाण्यात मी तिच्यात उभा राहून गळ टाकलाय. उभं राहिलं की पाण्यातला रेडफिश दिसतो, गवताच्या कडेने त्याची शेपटी वर येते, आणि त्या क्षणी ऑफिस, घराचे हप्ते सगळं विसरायला होतं. पेडलमुळे हात मोकळे राहतात. वारा असला तरी एका जागी थांबता येतं. दिवसभर बसलं तरी कंबर अवघडत नाही. दुकानातला माणूस हे सगळं सांगतो आणि त्यातलं काहीही खोटं नसतं.

तो एवढंच सांगत नाही की पाण्यापर्यंत ती जाते कशी.

सगळं साहित्य लावल्यावर या वर्गातल्या कयाकचं वजन १४० पौंडांच्या पुढे जातं. म्हणजे ६५ किलो. एक धडधाकट माणूस झोपलाय आणि त्याला उचलून गाडीच्या टपावर ठेवायचंय, अशी कल्पना करा. आणि त्या माणसाला हातपाय नाहीत, धरायला जागा नाही! बऱ्याच गाड्यांच्या टपाला एवढं वजन चालतही नाही. मग ट्रेलर. ट्रेलर आला की तो ठेवायचा कुठे हा प्रश्न, कारण आमच्या सोसायटीला दारासमोर होडी दिसलेली चालत नाही. तो खाऱ्या पाण्यात बुडाला की घरी येऊन गोड्या पाण्याने धुवायचा, नाहीतर चाकाचे बेअरिंग गंजतात. शिवाय पेडल धुवा, खुर्ची धुवा, होडी धुवा. चार तास मासेमारी आणि तीन तास हमाली.

पहिल्या वर्षी मी चौदा वेळा गेलो. दुसऱ्या वर्षी सहा. तिसऱ्या वर्षी दोन. पुढचं विचारू नका.

त्या दोनातल्या दुसऱ्या खेपेची गोष्ट मी घरच्यांना आत्तापर्यंत नीट सांगितलेली नाही, म्हणून इथे सांगतो. गॅलव्हेस्टन आयलंड स्टेट पार्कच्या खाडीकडच्या बाजूने एकटाच उतरलो होतो. दुपारी समुद्राकडून वारा सुटला. उंच कडांची होडी वाऱ्याला शिडासारखी लागते, त्यामुळे परतायला उशीर झाला. तोवर ओहोटी. काठापासून बरीच अलीकडे होडी चिखलात बसली. खाली उतरलो तर गुडघ्यापर्यंत रुतलो, आजूबाजूला कालवांच्या धारदार शिंपा. ओढली, हलली नाही. पुन्हा ओढली आणि कमरेत काहीतरी कट्कन झालं. तसाच होडीला टेकून उभा राहिलो. फोन पिशवीत होता, पण फोन करायचा कुणाला? ह्यूस्टनमध्ये आमची एवढी मराठी मंडळी आहेत, गणपतीला हॉल भरतो, पण रविवारी दुपारी तासभर गाडी चालवून चिखलात होडी ओढायला ये, असं हक्काने सांगावं असं एकही नाव आठवेना.

शेवटी काठावर जाळं फेकणारा एक अनोळखी म्हातारा चिखल तुडवत आला. दोघांनी मिळून ती बाहेर काढली. त्याला इंग्रजी फार येत नव्हतं, मला स्पॅनिश येत नाही. मी त्याला माझे मासे देऊ केले, त्याने एक घेतला. पुढचे दोन महिने मी जमिनीवर झोपून काढले. बायकोला "जिममध्ये लचक भरली" असं सांगितलं होतं. (सॉरी गं.)

जमिनीवर पडल्या पडल्या मामाचा प्रश्न कळला. आजोळी रापण ओढायला, होडी वाळूवर घ्यायला सगळी माणसं जमतात आणि हात लावणाऱ्याला मासे मिळतात. लहानपणी आम्हीही उगाच दोरीला लटकून वाटा मागायचो. तिथे मोठी होडी परवडते, कारण माणसं आहेत. उलट मूळची कयाक पाहा. उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट शिकाऱ्यांनी लाकडाच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून ती केली, ज्याची त्याच्या अंगाच्या मापाने. एकट्याने खांद्यावर घेऊन जाता येईल अशी. दोन्ही पद्धती शहाण्या आहेत. मी मात्र रापणीच्या होडीसारखं वजन घेतलं आणि इन्युइटासारखा एकटा निघालो!

म्हणून माझं मत असं. कयाकचं वजन दुकानात मोजू नका. दिवस संपलाय, वारा आहे, ओहोटी आहे, तुम्ही दमलात आणि बरोबर कुणी नाही, त्या वेळी जे ओढता येईल तेच तुमचं वजन. कुणाचं घर तळ्याकाठी असेल, ट्रेलर ठेवायला जागा असेल, दर वेळी सोबत येणारा मित्र असेल, तर मोठी कयाक खुशाल घ्यावी, तिच्यासारखी मजा नाही. पण "उलटणार नाही" या एकाच भरवशावर घेऊ नये. रुंद होडी सहसा उलटत नाही हे खरं, पण उलटलीच तर खोल पाण्यात एकट्याने सुलटी करणं तेवढंच कठीण. लाइफ जॅकेट अंगातच हवं, होडीत पडून उपयोग नाही.

आणि तिच्यावर म्हणे ६०० पौंड वजन चालतं. टेक्ससमध्ये रेडफिश दिवसाला तीनच ठेवता येतात हो! तीन माशांसाठी केवढा संसार?

तर ही विकून दोन साध्या वल्ह्यांच्या, प्रत्येकी तीसेक किलोच्या जुन्या कयाक घ्यायचं ठरतंय. एक माझी, एक चिरंजीवांची. तो आता तेरा वर्षांचा आहे, एक टोक धरू शकतो. उभं राहून गळ टाकता येणार नाही याचं वाईट वाटतंय, अगदी मनापासून. पण मामाने पुन्हा विचारलं तर निदान एक माणूस आहे असं सांगता येईल.

परवा त्याला फोनवर हे सगळं सांगितलं. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तां ऱ्हवांदे. मासो गावलो काय?"

असो. कुणाला हवी असेल तर सांगा. न्यायला मात्र दोघं जण या.