संमतीची वाट आणि हक्काचा रस्ता

इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी वाहतुकीला खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. डोंगर पोखरून आणि असंख्य खातेदारांच्या जमिनी संपादून राज्याने हा मार्ग शहापूर तालुक्यातून नेला. मात्र त्याच शहापुरात आणि शेजारच्या मुरबाडमध्ये नव्या वसाहतींत राहावयास आलेल्या कुटुंबांपुढे आपल्या दारापासून गावच्या सडकेपर्यंतच्या शंभर-दोनशे पावलांचा प्रश्न उभा राहतो. एके दिवशी त्या वाटेवर चर खणला जातो किंवा तारेचे कुंपण पडते आणि रहिवाशांची समिती अर्ज घेऊन तहसील कचेरीच्या पायऱ्या चढू लागते. हे भांडण वरवर शेजाऱ्या-शेजाऱ्यांतील दिसते. वस्तुतः त्याचे मूळ शासनाने दिलेल्या परवानगीत आहे.

कल्याण-डोंबिवलीतील घरांच्या किमती आवाक्याबाहेर गेल्यावर कारकून, शिक्षक आणि कारखान्यातील कामगार यांनी मध्य रेल्वेच्या आधाराने वासिंद, आसनगावचा रस्ता धरला. मुरबाडला रेल्वे नसली तरी कल्याणची सडक आहे. घरे उभी राहिली ती भातखाचरांवर. या खाचरांना स्वतंत्र रस्ता क्वचितच असे. पावसाळ्यात बांधावरून चालावे आणि कापणी झाली की कोणाच्याही शेतातून गाडी न्यावी, अशी येथील रीत. आज माझ्या शेतातून तुझी गाडी, उद्या तुझ्या शेतातून माझी, या परस्परांच्या गरजेवर ती टिकून होती. खाचराच्या जागी साठ बिऱ्हाडांची इमारत आली की ही देवाणघेवाण संपते. पुढच्या शेतकऱ्याने वाट द्यायची आणि मागच्यांनी ती वापरायची, एवढेच उरते.

बांधकाम करणारा विकासक या गोष्टीची तड सोयीस्करपणे लावतो. पुढील जमीनमालकाचे संमतीपत्र घेतले जाते, कधी तोंडी शब्दावरच भागते. परंतु १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार हक्क आणि परवानगी या भिन्न वस्तू आहेत. नुसती परवानगी सामान्यतः केव्हाही मागे घेता येते. दीर्घ वहिवाटीने हक्क मिळवावा तर वीस वर्षांचा अखंड वापर दाखवावा लागतो आणि वसाहत तर कालपरवाची. सदनिका विकून विकासक दुसऱ्या गावी जातो, पुढची जमीन वारसांकडे किंवा नव्या खरेदीदाराकडे जाते आणि जुना शब्द हवेत विरतो.

अडवणुकीचे अर्थशास्त्र

वाट अडविणाऱ्याला खलनायक ठरविणे सोपे आहे. पण त्याच्या बाजूने पाहिले तर चित्र बदलते. मागची जमीन विकासकाने विकली ती रस्ता आहे असे सांगून. म्हणजे त्या किमतीत पुढच्या पट्टीचेही मोल होते, परंतु पट्टीच्या मालकाच्या हाती त्यातले काहीच आले नाही. चार गुंठ्यांच्या त्या पट्टीत पिकणाऱ्या भाताची किंमत नगण्य असली तरी मागील साठ घरांचे मूल्य तिच्यावर टांगलेले असते. या स्थितीत मक्तेदारी आपोआप जन्मते. रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९६० मध्ये दाखवून दिले की, हक्क स्पष्ट असतील आणि वाटाघाटीचा खर्च अल्प असेल तर उभय पक्ष आपसांत तोडगा काढू शकतात. येथे हक्क संदिग्ध आहेत, आणि साठ कर्जबाजारी कुटुंबांना एकमताने बोलावयास लावणे हाच मोठा खर्च आहे. तेव्हा बाजार हा प्रश्न सोडवील, ही आशा फोल ठरते.

कायद्याच्या फटी

कायद्याकडे वळावे तर तो शेतकऱ्यासाठी घडलेला आहे. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याचे पाचवे कलम अडविलेली वाट मोकळी करून देते आणि १९६६ च्या जमीन महसूल संहितेचे कलम १४३ बांधावरून रस्ता देते, परंतु दोन्हींचा रोख शेतजमिनीकडे आहे. शेतरस्त्यांची नोंद सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात करण्याचे स्वागतार्ह धोरण २०२५ मध्ये आले, तेही शेतासाठीच. सदनिकाधारकाला बहुधा दिवाणी न्यायालयाचा लांबचा मार्ग उरतो. २०१६ चा स्थावर संपदा कायदा प्रकल्पाबाहेरील रस्त्याचाही विचार करतो, पण ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला त्यात नोंदणीची सक्ती नाही. शिवाय त्याचा बडगा विकासकावर चालतो, पुढच्या जमीनमालकावर नव्हे. रस्ता खाजगी सातबारावर असल्याने ग्रामपंचायतही खडी टाकण्यास कचरते.

या गुंत्यात जीवनावश्यक गोष्टी अडकतात. मुंबईची तहान भागविणारी भातसा व तानसा ही धरणे ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तेथील अनेक गावपाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. वाट बंद झालेल्या वसाहतीत टँकर शिरत नाही आणि रुग्णवाहिकाही सडकेवरच थांबते. अर्थात या दुःखाचा मक्ता नव्या रहिवाशांकडे नाही. याच तालुक्यांतील दुर्गम आदिवासी पाड्यांवरून रुग्णाला झोळीत घालून आणावे लागते, आणि त्यांची प्रतीक्षा कितीतरी जुनी आहे. वसाहतींच्या समित्यांनी आपली मागणी पाड्यांच्या मागणीशी जोडली तर तिचे नैतिक बळ वाढेल.

मागणी तरी नेमकी कोणती असावी? कुंपण काढा, एवढ्यावर ती थांबली तर पुढच्या वर्षी दुसरे कुंपण पडेल. रस्त्याचा हक्क नोंदणीकृत दस्ताने मिळालेला आहे आणि तो पुढील जमिनीच्या सातबारावर चढलेला आहे, याची खात्री झाल्याखेरीज कोणत्याही बांधकामास परवानगी मिळता कामा नये. त्या हक्काचा योग्य मोबदला विकासकाने जमीनमालकास आधीच द्यावा. ज्या वसाहती उभ्या राहिल्या आहेत, तेथे शासनाने रस्त्याची जमीन संपादून खर्च विकासकाकडून वसूल करावा. कारण अपुऱ्या कागदांवर शिक्का मारला तो शासनानेच. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याला डावलून झालेले व्यवहार नियमित करण्याच्या दिशेने राज्य सरकारने २०२५ मध्ये पाऊल टाकले. त्या तुकड्याला रस्ता आहे काय, हा प्रश्न याच वेळी विचारला गेला नाही, तर अडचणीही नियमित होतील.

रहिवाशांनीही प्रथम मंजूर नकाशा माहितीच्या अधिकारात मिळवावा. पुढची आणि मागची जमीन पूर्वी एकाच मालकाची असेल आणि त्याने मागची विकून पुढची राखली असेल, तर जाण्यायेण्यास दुसरा मार्ग नसल्यास १८८२ चा कायदा गरजेपोटी वाटेचा हक्क मान्य करतो. अनेकदा घोषणांपेक्षा जुना फेरफार अधिक उपयोगी पडतो.

समृद्धी महामार्गासाठी जमीन मोजली गेली, मोबदला दिला गेला आणि मगच रस्ता झाला. हाच क्रम शंभर पावलांच्या वाटेला लावण्यात शासनाला अडचण कोणती, याचे उत्तर शहापूर-मुरबाडच्या नागरिकांना मिळावयास हवे.