दुकानातला सूर, घरातला सूर

दिवाळीचा बोनस हाती पडला की घराघरांत खलबते सुरू होतात, आणि हल्ली त्यांत उंची स्पीकरची जोडी हाही विषय निघू लागला आहे. गाणे चांगले ऐकू यावे ही हौस मला मान्य आहे. त्यापायी कोणी लाख-दीड लाख मोजले तर मी नाक मुरडणार नाही. पण हे हौशी गृहस्थ ज्याला ‘तुलना करून घेणे’ म्हणतात, त्या विधीशी मात्र माझे भांडण आहे.

विधी असा. काचेच्या दाराआड गारगार खोली, खाली जाड गालिचा, ओळीने मांडलेल्या सहा जोड्या. विक्रेता अदबीने पाच मिनिटे ही वाजवतो, पाच मिनिटे ती. गाणे त्याच्या पसंतीचे. गृहस्थ डोळे मिटून मान डोलावतात आणि म्हणतात, “ही जास्त मोकळी वाटते.” वाटणारच! ती जास्त मोठ्याने वाजत असते. एकाच बटणावर सगळे स्पीकर सारखे वाजत नाहीत. माहितीपत्रकात एकाची संवेदनक्षमता ८४ डेसिबल, तर दुसऱ्याची ९०. हा सहाचा फरक भरून काढायला पहिल्याला चौपट वीज पुरवावी लागते. आणि आपला कान असा भोळा, की किंचित चढा आवाज त्याला चढा न वाटता सरस वाटतो! बीबीसीने १९७० च्या दशकात बाहेरच्या ध्वनिक्षेपणाच्या गाड्यांत वापरण्यासाठी एलएस ३/५ए नावाचा जेमतेम १२ इंच उंचीचा स्पीकर बनवला. माणसाचा आवाज त्यातून इतका खरा येतो, की दर्दी लोक आजही त्याच्या शोधात असतात. पण स्वभावाने तो हळू बोलणारा. आपल्या त्या गारगार खोलीत बिचारा पहिल्याच फेरीत बाद व्हायचा.

कानाची ही गत, तर डोळ्यांचे काय सांगावे? फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी त्याच माणसांना तेच स्पीकर एकदा पडद्याआडून आणि एकदा उघड्यावर ऐकवले, आणि १९९४ साली त्याचा निष्कर्ष मांडला. स्पीकर दिसू लागताच गुण फिरले. भारदस्त ते वर चढले, छोटा खाली घसरला. बरे, ही परीक्षक मंडळी स्पीकर बनवणाऱ्या कंपनीतलीच होती!

या गृहस्थांपेक्षा त्यांची सौभाग्यवती शहाणी. दुकानातल्या दिव्यांखाली साडीचा रंग खरा दिसत नाही, हे ओळखून ती साडी उचलून थेट दाराशी उन्हात नेते. स्पीकरचे ऊन म्हणजे आपली खोली. १४ फूट लांबीच्या दिवाणखान्यात ४० हर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे तंबोऱ्याच्या खर्जाच्याही खालचा घुमारा भिंतींपाशी फुगतो आणि बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. कोच हातभर सरकवला तर दीड लाखाच्या स्पीकरचे चारित्र्य बदलते! मग विक्रेत्याच्या गालिच्यावर काय ऐकले, याला अर्थ किती?

तेव्हा दोन जोड्या चार दिवस घरी आणवाव्यात. एकसारखा ‘शूं’ असा आवाज दोन्हींवर लावून, भ्रमणध्वनीवरच्या मापकाने त्यांची पातळी आधी समान करावी. एकाच वेळी दोन्ही एकाच जागी उभे राहणार नाहीत, म्हणून अदलाबदल करून पुन्हा ऐकावे. पुढे एखादे जुने सुती पातळ आडवे बांधावे आणि वायरी बदलण्याचे काम चिरंजीवांकडे द्यावे. ज्या गायकाला समोर बसून ऐकले आहे, त्याचेच गाणे लावावे. आजींना आणि पोरांनाही कागदावर गुण लिहू द्यावेत. ऐकायचे तर त्यांनाही आहे.

दुकानदार कुरकुरतील, एवढी धुडे घरोघरी कोण नाचवणार? अहो, लाखाचा माल विकणाऱ्याने दोन हमाल आणि एका टेम्पोचा खर्च सोसला तर त्याचे दिवाळे निघत नाही. अनामत घ्या म्हणावे, ओरखडा उठला तर त्यातून कापून घ्या म्हणावे. तरीही नाहीच म्हणत असेल, तर खुशाल दार ढकलून बाहेर पडावे. शेजारी मिठाईचे दुकान असतेच, आणि तो निदान बर्फीचा तुकडा आधी हातावर ठेवतो.