तो मेसेज मीच पाठवला होता

दोस्तांनो, आज आधी माझीच एक फजिती सांगतो. हसायचं तर हसा, पण पुढचंही वाचा बरं का!

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. जुलै महिना, दुपारपासून धो धो पाऊस. रात्री साडेआठच्या सुमारास माझ्या मोबाइलवर एका पत्राचा फोटो आला. वर सरकारी बोधचिन्ह, खाली गोल शिक्का आणि झोकदार सही. मजकूर असा की, अतिवृष्टीच्या इशाऱ्यामुळे उद्या जिल्ह्यातल्या सर्व शाळांना सुट्टी! आता सुट्टीची बातमी सगळ्यांच्या आधी आपण सांगण्यात एक वेगळाच रुबाब असतो, नाही का? मी लगेच तो फोटो आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. वर आणखी ‘मुलांनो, मज्जा करा!’ असंही लिहिलं. पटापट अंगठे आले, टाळ्या आल्या. मी खुशीत झोपलो.

सकाळी सात वाजता खिडकीतून पाहतो तर स्कूलबस फाटकाशी उभी! पाऊस तर केव्हाच थांबला होता. मी घाईघाईने चष्मा लावला आणि तो फोटो मोठा करून पाहिला. पत्राच्या उजव्या कोपऱ्यात तारीख होती. दिवस आणि महिना बरोबर, पण साल आदल्या वर्षीचं! आदेश खरा होता, शिक्का खरा होता, फक्त तो एक वर्ष शिळा होता.

मग मी काय केलं असेल? तुम्ही केलं असतं तेच. ‘सगळ्यांसाठी डिलीट’! वाटलं, सुटलो. पण मेसेज गेला तरी त्याच्या जागी ‘हा मेसेज डिलीट केला आहे’ अशी पाटी उरतेच. ती पाहून ज्यांनी रात्री मेसेज वाचला नव्हता तेही विचारू लागले, ‘काय होतं? काय होतं?’ आणि एक गोष्ट तर माझ्या लक्षातच आली नव्हती. आपण आपला मेसेज पुसला, तरी दुसऱ्याने तो पुढे पाठवलेला असेल तर ती प्रत पुसली जात नाही. ती तिथे तशीच राहते. आमच्यातल्या कुणीतरी रात्रीच तो शेजारच्या सोसायटीत धाडला होता. माझ्या ग्रुपवरून तो नाहीसा झाला आणि तिथे मात्र खुशाल फिरत राहिला.

एवढ्यात कळलं की आमच्याच इमारतीतली सातवीतली एक मुलगी शाळेत गेलेली नाही आणि तिची त्या दिवशी गणिताची घटक चाचणी होती.

आता काहीतरी लिहिणं भाग होतं. पहिल्यांदा लिहिलं, ‘रात्री एक मेसेज फिरत होता, तो जुना आहे, कृपया खात्री करून घ्यावी.’ वाचून पाहिलं. ‘फिरत होता’ म्हणे! जणू काही तो मेसेज स्वतःच पाय फुटून आला होता. खोडलं. मग लिहिलं, ‘कुणाची गैरसोय झाली असल्यास क्षमस्व.’ हेही खोडलं. ‘असल्यास’ कसलं? एक मुलगी समोर घरी बसलेली होती! शेवटी लिहिलं, ‘सुट्टीचा मेसेज मी पाठवला होता. तो गेल्या वर्षीचा निघाला. मी तारीख पाहिली नाही, चूक माझी आहे. आज शाळा सुरू आहे. ज्यांनी तो पुढे पाठवला असेल त्यांनी हाही तिथे पाठवावा.’ या चार ओळी पाठवताना बोट अडखळत होतं, खोटं कशाला सांगू! दहावीचा निकाल पाहतानाही छातीत एवढी धडधड झाली नव्हती.

त्यानंतर मी त्या मुलीच्या वर्गशिक्षिकांना एक चिठ्ठी लिहून दिली. मुलीचा दोष नाही, माझ्यामुळे ती घरी राहिली, असं. बाईंनी तिची चाचणी नंतर घेतली. प्रकरण तेवढ्यावर मिटलं. मला मात्र पुढे पंधरा दिवस खालची मुलं ‘सुट्टीवाले काका’ म्हणत होती.

माझी चूक एका चाचणीवर भागली. पण सगळे मेसेज इतके स्वस्त नसतात. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचं गाव आहे. १ जुलै २०१८ रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, तिथे आलेल्या पाच जणांना ‘मुलं पळवणारी टोळी’ समजून जमावाने ठार मारलं. ती नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाची, मंगळवेढ्याकडची गरीब माणसं होती. त्यांनी कुणाचंही मूल पळवलं नव्हतं. त्या काळात मुलं पळवणाऱ्या टोळ्यांच्या खोट्या बातम्या मोबाइलवरून सगळीकडे पसरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, असं बंधन आणलं. पण यंत्रावरचं बंधन एवढंच करू शकतं. असा मेसेज पाठवणाऱ्या एखाद्याला तासाभराने शंका आली, तर त्याच ग्रुपवर जाऊन ‘मी मघाशी टाकलं ते खोटं आहे’ हे लिहायला माणूसच लागतो. आणि तो गप्प बसतो बहुतेक एकाच कारणाने : लोक काय म्हणतील!

लोक काय म्हणतात याची एक फार छान हकीकत आहे. फ्रान्सेस अर्नोल्ड हे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ‘कॅलटेक’ या संस्थेतल्या शास्त्रज्ञ. सजीवांच्या शरीरात रासायनिक क्रिया घडवून आणणारी जी विकरं असतात, त्यांच्यात प्रयोगशाळेत बदल करत करत त्यांच्याकडून नवी कामं करून घेण्याची पद्धत त्यांनी विकसित केली आणि २०१८ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. २०१९ च्या मे महिन्यात त्यांचा आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचा एक निबंध ‘सायन्स’ या नामांकित नियतकालिकात छापून आला. पेनिसिलिनच्या रेणूत चार अणूंचं एक छोटंसं कडं असतं, त्याला बीटा-लॅक्टम म्हणतात. अशी कडी विकरांच्या मदतीने तयार करता येतात, असं त्या निबंधात म्हटलं होतं.

पण विज्ञानात एक नियम आहे. प्रयोग पुन्हा केला की तेच उत्तर यायला हवं. इथे ते आलं नाही. मग प्रयोगवही तपासली, तर महत्त्वाच्या प्रयोगांच्या त्या त्या वेळच्या नोंदीच नव्हत्या! तुम्हालाही बाई सांगतात ना, प्रयोगवही नंतर एकदम लिहू नका म्हणून? ती बाईंची कटकट नसते.

तर २ जानेवारी २०२० रोजी अर्नोल्डबाईंनी ट्विटरवर, ज्याला आता एक्स म्हणतात, स्वतः जाहीर केलं की हा निबंध आम्ही मागे घेत आहोत, कारण ते काम पुन्हा करून पाहता आलं नाही. सगळ्यांची माफी मागितली. आणि पुढे जे म्हटलं ते मला सगळ्यांत आवडलं. निबंध पाठवला तेव्हा मी कामात होते आणि माझं काम मी नीट केलं नाही, या अर्थाचं त्यांनी लिहिलं. वही सहकाऱ्याची होती. बोट तिकडे दाखवणं किती सोपं होतं! त्यांनी ते केलं नाही. नोबेल मिळून जेमतेम वर्ष झालेलं, सगळ्या जगाचं लक्ष, आणि अशा वेळी हे चारचौघांत लिहायचं. लोकांनी काय केलं? कितीतरी शास्त्रज्ञांनी त्यांचं कौतुक केलं. नोबेल कुणी परत मागितलं नाही.

आता एक मात्र सांगून ठेवतो. प्रत्येक चूक चव्हाट्यावर कबूल करायची नसते. मैत्रिणीला फोनवर काही लागट बोललात, तर तिच्याच घरी जा किंवा तिलाच फोन करा. त्याची जाहिरात कशाला? आणि कुणाचा वेडावाकडा फोटो ग्रुपवर टाकून त्याची टिंगल केली असेल, तर माफी मागताना तोच फोटो पुन्हा टाकू नका. मी हे पाहिलेलं आहे, म्हणून सांगतो. त्या बिचाऱ्याची दुसऱ्यांदा शोभा झाली. चूक जिथपर्यंत पोहोचली तिथपर्यंत माफीही पोहोचावी, एवढं पुरे.

आता थोडं आईबाबांशी. (मुलांनो, तुम्ही वाचलंत तरी चालेल!) मूल येऊन सांगतं, ‘बाबा, मी वर्गाच्या ग्रुपवर चुकीचं टाकलं.’ आपण आधी काय करतो? आवाज चढवतो आणि मोबाइल काढून घेतो. पुढच्या वेळी ते मूल आपल्याला सांगत नाही, गुपचूप डिलीट करतं. आणि आपल्या स्वतःच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर काय चालतं? अमुक रस प्यायल्याने तमुक आजार बरा होतो, असं आपण ठोकून देतो. कुणी ते खोटं असल्याचं दाखवलं की आपण सुप्रभातचं फूल टाकून मोकळे! मुलं तोच मोबाइल हातात घेतात आणि सगळं वाचतात बरं.

वर्गाच्या ग्रुपचंही तसंच आहे. एखादा लिहितो, ‘सॉरी, मी चुकलो.’ त्याखाली वीस जणांनी दात काढलेले चेहरे टाकले आणि एकाने त्याचा स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या ग्रुपवर नेला, तर दुसरा कुणी पुन्हा तसं लिहील का? ‘सांगितलंस ते बरं झालं’ एवढे चार शब्द टाकायला काय लागतं? त्या सातवीतल्या मुलीने त्या दिवशी आईच्या मोबाइलवरून माझ्या मेसेजखाली लिहिलं होतं, ‘इट्स ओके काका, माझा अभ्यास पण नव्हता झाला.’ इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

या पावसाळ्यात पुन्हा एका रात्री सुट्टीच्या आदेशाचा फोटो आला. या वेळी मी तारीख पाहिली, साल पाहिलं, शाळेत फोन केला आणि मगच ग्रुपवर टाकला. दोन मिनिटांत तिचाच मेसेज आला : ‘काका, चष्मा लावून पाहिलंत ना?’